कोड नव्हतं ते

माझ्या मुलाच्या अंगावर जन्मतः चार पांढरे डाग होते. दोन कमरेवर, एक डाव्या मांडीवर आणि एक पोटरीच्या मागे. सगळ्यांत मोठा माझ्या अंगठ्याएवढा, एका टोकाला निमुळता होत गेलेला. ते पहिल्यांदा दिसले मालीशवाल्या बाईला. ती कळव्याच्या जुन्या गावातली कोळीण होती. पायावर पालथं घेऊन तेल चोळता चोळता ती थांबली आणि म्हणाली, "बाय, पोराच्या कंबरंवं ह्यो पांढरा काय हाय गं?"

सासूबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. वाकून बघितलं. "काही नाही, दुपट्याचा वळ आहे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईला यायला नको म्हणून सांगितलं आणि मालीश त्या स्वतः करू लागल्या, आतल्या खोलीत, दार लोटून.

कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही, पण दार लोटलं की सगळ्यांना कळायचं कशासाठी ते. माझी नणंद तेव्हा सोळा वर्षांची होती, नुकतीच दहावी झालेली. चार-पाच वर्षांत तिला दाखवायला सुरुवात झाली असती. मुलीकडे येण्याआधी लोक तिच्या बिल्डिंगमध्ये, वाण्याकडे, जुन्या शाळेत चौकशी करून यायचे, आणि चौकशीत दोन गोष्टी हमखास असायच्या: घरात कुणी वेडं आहे का आणि घरात कुणाला कोड आहे का. भाच्याच्या अंगावर डाग आहेत म्हटल्यावर आत्याला कोण पत्करणार? म्हणून माझा मुलगा भर मे महिन्यात पायघोळ विजार आणि लांब झबलं घालून घामाघूम होत पाळण्यात पडलेला असायचा. बाहेर न्यायचं झालं तर डागांवर पावडर थापून.

मी याला विरोध केला नाही. मी काही गरीब गाय नव्हते. पण डाग बाहेर आले असते, तर ते माझ्या माहेरचे ठरले असते हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा झाकलेले मलाही बरेच होते.

एक गोष्ट मात्र मी केली. मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत ट्रेसर होते. इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडने शाई अलगद खरडून काढायची आणि पुन्हा ओढायची, हे माझं दिवसभराचं काम. कोड पसरतं असं मी ऐकलं होतं. हे पसरतंय का, हे बघायचा मला एकच मार्ग माहीत होता. ऑफिसातून ट्रेसिंग पेपरचे कापून उरलेले तुकडे आणले, मूल झोपलं की कागद त्याच्या अंगावर ठेवला आणि पेन्सिलीने डागाची कड गिरवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. कागदावर तारीख घालून फायलीत ठेवायचे. नवऱ्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" माझं डोकं त्या घरात सगळ्यांत जास्त ठिकाणावर होतं.

मुलगा पाच महिन्यांचा असताना नमस्कार करायला लागला.

सकाळी झोपेतून उठला की मान एकदम खाली जायची, कमरेत वाकायचा आणि दोन्ही हात पुढे येऊन जवळजवळ जुळायचे. क्षणभरच. मग पुन्हा, मग पुन्हा. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन देव्हाऱ्यासमोर बसायच्या. "पूर्वजन्मीचं पुण्य," म्हणायच्या. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. एकीने त्याच्या पुढ्यात चाफ्याचं फूल ठेवलं. आमच्या मजल्यावरच्या एक आजी तर त्याच्याच पाया पडल्या.

मी तेव्हा कामावर रुजू झाले होते, त्यामुळे मला हे सगळं संध्याकाळी ऐकायला मिळायचं. एका रविवारी मी स्वतः समोर बसून मोजले. ओळीने अठरा. प्रत्येक नमस्कारानंतर चेहरा वेडावाकडा होऊन रडू, आणि रडू थांबायच्या आत पुढचा नमस्कार. भक्तीत कुणी असं रडत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी फुलं वाहणाऱ्या एकीच्याही लक्षात आली नव्हती. मूल हसायचं थांबलं होतं. महिन्यापूर्वी माझ्या बांगड्यांच्या आवाजावर ते खिदळायचं, आता माझ्याकडे वळूनही बघत नव्हतं.

"आई, हे काहीतरी वेगळं आहे. डॉक्टरला दाखवू या," मी म्हणाले.

"तुला सगळ्यातच वेगळं दिसतं. पोटात कळ येत असेल. ओवा-शोपा देते."

ओवा, शोपा, ग्राइप वॉटर यांत आणखी तीन आठवडे गेले. मग मी रजा टाकली आणि टेंभी नाक्याजवळच्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. सासूबाई बरोबर आल्याच. डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. नशिबाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, मुलाने त्यांच्यासमोरच सुरुवात केली. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "या फिट आहेत."

"फिट? आकडी म्हणता?" सासूबाई म्हणाल्या. "आकडीत तोंडाला फेस येतो. हा तर नमस्कार करतो."

"बाळंतपणात अडचण आली होती? नाही? मग घरात कुणाला फिट येत होत्या? लहानपणी, तापात?"

"आमच्याकडे कुणाला नाही," असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"आमच्याकडेही नाही," मी म्हणाले.

"मुलाच्या अंगावर काही खुणा, डाग?"

सासूबाईंना विचार करावा लागला नाही. "काही नाही हो. स्वच्छ आहे लेकरू."

डॉक्टरांनी झबलं वर करून छाती तपासली, पोट दाबलं. मूल किंचाळत होतं. निघण्यापूर्वी पावडर नेहमीप्रमाणे थापलेली होती, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात गोऱ्या पोराच्या अंगावरचा फिकट डाग पावडरखाली कुणाला दिसणार? त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून. मी नाही म्हटलं. मला ते पुसून त्यांच्यासमोर धरता आलं असतं. एका ओल्या रुमालाचं काम होतं.

रोज एक इंजेक्शन, असे कित्येक आठवडे. औषधाने मुलाचा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला, तर शेजारणी म्हणाल्या, "छान बाळसं धरलंय हो!" नमस्कार थांबले. तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झाले, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याही फिट आल्या, ताठ होऊन पडायच्या, सासूबाईंना हव्या तशा फेसाच्या.

आता पुण्यवान म्हणायची सोय राहिली नाही, तेव्हा दोष कुणाचा ते ठरवणं आलं. ते फार लवकर ठरलं. मी पोटुशी असताना दुपारचं मोठं सूर्यग्रहण लागलं होतं. सगळा कळवा दारं-खिडक्या लावून घरात बसला होता. मी सकाळी आठच्या बसने कामावर गेले होते, कारण एका मशीनचं ड्रॉइंग संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. ग्रहणात गर्भारणीने काही चिरू नये, कापू नये, रेघ मारू नये. मी त्या दुपारी रेघाच मारल्या होत्या आणि वर ब्लेडने खरडल्याही होत्या.

"बाळाच्या अंगावरचा रंग खरडला गेला तो उगाच नाही," सासूबाई म्हणायच्या. "आणि डोक्यातली रेघही हिनेच वाकडी मारली."

आलेल्या-गेलेल्यासमोर म्हणायच्या. डागांचं सोडून, अर्थात. मोहन्याहून माझी आई भेटायला आली, तर तिलाही ऐकवलं. माझे वडील तिथल्या कारखान्यात होते. आईने आयुष्यभर भोंग्यावर डबे भरले होते, ग्रहण बघून नाही. तिने चहा अर्धा टाकला आणि उठली. जाताना मला जिन्यात म्हणाली, "तू गेली होतीस का गं खरंच कामावर?" तिनेही मनातून मलाच धरलं होतं.

चार वर्षं मी हे ऐकलं. या चार वर्षांत मुलगा बसायला शिकला, उशिरा चालायला लागला, एक शब्दही बोलला नाही. कामाला जायचं तर मुलाला सासूबाई आणि नणंद सांभाळत होत्या, त्यामुळे तोंड उघडून चालणार नव्हतं. नणंदेबद्दल मात्र मला वाईट बोलता येणार नाही. कॉलेजातून आली की तिचा सगळा वेळ त्याच्याबरोबर जायचा. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळाकडे बघायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. बाकीचे धावायचे ते कांदा किंवा चप्पल हुंगवायला. ती दरडावायची, "लांब व्हा, आधी लांब व्हा सगळे!"

तो चार वर्षांचा असताना आम्हाला मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या आल्या नाहीत. हे फार बरं झालं. तिथल्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. आधी मेंदूचा स्कॅन करून आणायला सांगितला होता. तो त्यांनी काचेवर लावला आणि आत चुन्याचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके आम्हाला बोटाने दाखवले. मग म्हणाल्या, "याच्या अंगावर कुठे पांढरे डाग आहेत?"

नवरा म्हणाला, "नाही."

मी पिशवीतून फाइल काढली. का आणली होती ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित सासूबाई बरोबर नव्हत्या म्हणून. बाईंनी एकेक ट्रेसिंग बघितलं, तारखा बघितल्या. मग सहा-सात कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. मूल मोठं झालं तेवढाच डाग मोठा झाला होता, आकार रेघभरही हलला नव्हता.

"हे कुणी काढलं?"

"मी. कोड पसरतंय का ते बघायला."

"कोड नव्हे हे. कोड असं एका जागी बसून राहत नाही, आणि जन्मतः तर सहसा नसतंच." त्यांनी मुलाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि जांभळ्या दिव्याखाली धरलं. चारच्या जागी नऊ डाग चमकले. "हे चार वर्षांपूर्वी कुणाला दाखवलं नाहीत?"

मी मान खाली घातली. नवरा खिडकीबाहेर बघत होता. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, बारीक लालसर पुटकुळ्या होत्या. लग्नात मला वाटलं होतं मुरुमं आहेत, जातील. तिशी उलटली तरी गेली नव्हती.

"हे कधीपासून आहे?"

"कॉलेजपासून. मुरुमं आहेत ती. मलम लावतो."

"शर्ट काढा बरं."

त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, तोच डाग होता. एका टोकाला निमुळता. सहा वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार करत होते आणि तो डाग मी भाजल्याची खूण समजत होते.

बाईंनी रोगाचं नाव सांगितलं, ट्यूबरस स्क्लेरोसिस. कागदावर लिहूनही दिलं. हा बीजातलाच दोष आहे, म्हणाल्या. त्याने शरीरात ठिकठिकाणी बारीक गाठी होतात, मेंदूत झाल्या की फिट येतात, कातडीवर त्याच्याच खुणा दिसतात. कधी आईबाप दोघंही निर्दोष असतात आणि मुलातच तो पहिल्यांदा होतो. तुमच्या घरात तसं दिसत नाही. आईकडे किंवा वडिलांकडे असला, तर प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी. एका भावंडाला आला म्हणून दुसऱ्याचा टळत नाही, प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडवायचं. आणि एकाच घरात एखाद्याच्या नुसत्या चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, एखाद्याचा सगळा मेंदू धरतो. कुणाला किती, हे आधी सांगता येत नाही.

"ग्रहणाने होतं का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. नवऱ्याच्या कानांवर ते पडायला हवं होतं.

"ग्रहणाने काय होणार? तुम्ही काही केलं नाहीत, बाई. तुमच्याकडून आलेलंच नाही हे." मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला भावंडं?"

"एक बहीण. धाकटी."

"लग्न झालंय?"

"बघतोय आता."

"तिला घेऊन या. लग्नाआधी आणा. तिच्यात असेल तर तिला मूल होण्याआधी कळलेलं बरं. होऊ द्यायचं की नाही ते तिने ठरवावं. आणि झालंच, तर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं. उशीर केला की काय होतं ते तुम्ही बघताय."

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "घरी एवढ्यात काही बोलू नकोस."

मी खोटं सांगणार नाही. मला त्या दिवशी आनंद झाला होता. मुलगा मांडीवर झोपला होता, तो बरा होणार नव्हता, हे मला दुपारी स्पष्ट सांगण्यात आलं होतं, आणि तरी ठाण्यापर्यंत माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं: माझ्याकडून आलेलं नाही. चार वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते मला मिळालं होतं.

घरी आल्यावर मी पाणीसुद्धा प्यायले नाही. नणंद क्लासला गेली होती. सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, तुमच्या पायाचं बोट दाखवा."

त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला नखाच्या मुळातून मांसाचा कोंब यायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. दर महिन्याला त्या तो नेलकटरने कापायच्या, वर हळद दाबायच्या. डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, घरात कुणाच्या नखाशी असं काही आहे का? नवरा तेव्हाही गप्प होता. मी हो म्हटलं होतं.

सासूबाईंनी पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतला. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता. त्या ऐकत राहिल्या आणि भाजी निवडत राहिल्या. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर मला खोटं पाडतील. त्यांनी विचारलं, "तिच्या पाठीवर आहेत. तेही तेच का?"

"कुणाच्या?"

"तुझ्या नणंदेच्या. जन्मापासून."

म्हणजे मालीशवालीचं ऐकून त्या हात न पुसता धावत आल्या होत्या, त्या असले डाग आधी पाहिलेले होते म्हणून.

"तिला न्यायला सांगितलंय," मी म्हणाले. "लग्नाआधी."

"आणि मग लग्न कोण करील तिच्याशी?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ. एवढं तिचं होऊन जाऊ दे. मग सांग, मी नाही म्हणत नाही. ग्रहणाचं मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. दुसऱ्या मुलाचंही कुणी तुला बोलणार नाही, हवं तर पंगतीत बसून सांगते, आम्हालाच नको म्हणून. तू निर्धास्त कामावर जा, मुलाला मी बघते. मरेपर्यंत बघते."

आणि मी ते कबूल केलं.

आज लोक मला म्हणतात, तू सुनेच्या जागी होतीस, तू काय करणार होतीस? खूप काही करू शकले असते. ती मुलगी रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसायची. त्याच रात्री तिने जेवताना विचारलं, "वहिनी, काय म्हणाल्या गं डॉक्टर? कशाने होतं हे?"

सासूबाई ताटात बघत होत्या, नवरा ताटात बघत होता.

"असतं जन्मतः," मी म्हटलं. "कारण नसतं त्याला."

"असं कसं कारण नसतं?"

"नसतं, म्हणाल्या. भात घे."

सासूबाईंनी शब्द पाळला. ग्रहण बंद झालं. दुसऱ्या मुलाचा विषय बंद झाला. शेजारणींना सांगण्यात आलं की मुलाला लहानपणी ताप डोक्यात गेला होता. मी खरोखरच निर्धास्त कामावर जाऊ लागले. पुढे मला बढतीही मिळाली.

वर्षभरात नणंदेचं डोंबिवलीत जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं. चौकशी व्हायची ती झाली, आमची बिल्डिंग आमच्याबद्दल चांगलंच बोलली. हळदीच्या दिवशी वहिनीचा मान म्हणून पहिली हळद मी लावली. गाल, हात, पाय. मग ती पाठ करून बसली. मागून गळा खोल असलेलं जुनं पोलकं होतं अंगात. तीन डाग. मी आंब्याच्या पानाने हळद लावत होते, ते पान बाजूला ठेवलं आणि हाताने लावली, जाड, डाग बुजेपर्यंत. मागे तिच्या होणाऱ्या सासरच्या दोन बायका बसल्या होत्या. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत कौतुक होतं. त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

लग्नानंतर सांगायचं ठरलं होतं. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, रुळू तर दे तिला. मग पहिली मंगळागौर. मग तिला दिवस गेले आणि आता सांगून उपयोग काय, उगाच पोटुशीला धसका, हे तर मी स्वतःच म्हटलं. डोहाळजेवणाला मी तिच्यासाठी करंज्या केल्या. मुलगी झाली. बारशाला बाळाला पायापासून गळ्यापर्यंत झाकून कोणी आणतंय का, हे मी बघितलं. नव्हतं झाकलेलं. उघड्या मांडीवर डावीकडे डाग होता, मला दाराकडूनच दिसला. मी पाळण्याला झोका दिला, घुगऱ्या खाल्ल्या आणि परत आले.

मुलगी दहा महिन्यांची असताना नणंद एका दुपारी एकटीच कळव्याला आली. सासूबाई माझ्या मुलाला घेऊन आत झोपल्या होत्या. माझी सुट्टी होती. ती चपला न काढताच उंबऱ्यात उभी राहिली.

"पंधरा दिवस झाले, तिचं तोंड एका बाजूला ओढतं. हात ताठ होतो," ती म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डोंबिवलीतले साधे मुलांचे डॉक्टर. त्यांनी कपडे काढले आणि पाच मिनिटांत सांगितलं, वहिनी. मग माझी पाठ बघितली. मग विचारलं, तुमच्या भावाच्या मुलाला फिट येतात म्हणता, त्याचं निदान कुणीच केलं नाही का?"

मी तिला आत घ्यायला पुढे झाले. ती हलली नाही.

"तुला माहीत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधी वर्षभर."

"आईने गप्प राहायला सांगितलं?"

तिने मला ही पळवाट स्वतःहून दिली होती. तेवढी तिची माया होती माझ्यावर. मी म्हटलं, "सांगितलं. पण मलाही सोयीचं होतं."

"मी लग्न केलं असतं गं. त्यांना सांगून केलं असतं, नाहीतर केलं नसतं. मूल कदाचित होऊ दिलं असतं, कदाचित नसतं. काहीतरी मी ठरवलं असतं ना? तुझ्या पोराचं शी-शू मी काढलं चार वर्षं. मला सांगायला तरी हवं होतंस तू."

"चुकलं माझं."

"ते राहू दे. तिकडे म्हणतात, मी फसवून लग्न केलं. सासू म्हणते, भाचा असा असताना हिला माहीत नव्हतं, हे कोण मानेल? तू चल. आत्ता. आणि सांग त्यांना की मला माहीत नव्हतं."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कोण आलंय?" मी साडी बदलली, फाइल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घेतला आणि तिच्याबरोबर निघाले.

डोंबिवलीला तिच्या घरी सगळे बसलेलेच होते, सासू, सासरे, नवरा, एक मोठे दीर. मी कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. तारखेसकट सांगितलं, कुणी कुणाला काय म्हटलं ते सांगितलं, हळदीचंही सांगितलं. नणंद दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. हळदीचं तिला माहीत नव्हतं. तिचा हात नकळत मानेमागे गेला.

तिची सासू म्हणाली, "तुम्ही स्वतः असं पोर घरात घेऊन बसलाय. तुम्हाला दुसऱ्याच्या घरात दुसरं बघवलं कसं?"

सासरे म्हणाले, "मुलीचा दोष नाही म्हणायचा मग. फसवलं ते यांनी." तेवढंच मला हवं होतं. जावयाने पहिल्यांदा मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. तिला घरातून काढणार नाहीत, हे मला त्या बघण्यावरून कळलं. मला पाण्याचंही विचारलं नाही. विचारायला नकोच होतं.

आज माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. ठाण्यात मतिमंद मुलांच्या कार्यशाळेत जातो, मेणबत्त्या पॅक करतो, आई म्हणतो. नणंदेची मुलगी शाळेत आहे, वर्गात वरचा नंबर काढते, असं लोकांकडून कळतं. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी फिट येते. तिला पहिल्या पंधरवड्यात औषध मिळालं. नाणं तिच्या बाजूला बरं पडलं, एवढंही कारण असेल. डॉक्टर खात्रीने काही सांगत नाहीत. माझ्या मुलाला ओला रुमाल मिळाला असता तर काय झालं असतं, हेही सांगत नाहीत, आणि मी आता विचारत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा नणंद आली होती, बाराव्याला. माझ्याशी पंगतीतल्या वाढप्याशी बोलावं तसं बोलली.

त्या दिवशी डोंबिवलीहून निघताना ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. आत बाळ रडत होतं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. बोल लावायचे तर लावू दे, म्हणून मी एक पायरी उतरून थांबले.

"डॉक्टरांनी सिरप दिलंय, सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "ती ओकून टाकते. तू त्याला दुधाआधी द्यायचीस की नंतर?"

"नंतर. अर्ध्या तासाने. आणि चमच्याने नको, ड्रॉपरने गालाच्या आत सोड."

"बरं."

तिने दार लावून घेतलं.